मुलं का होत नाहीयेत? १९७७ चा एक कारखाना, एक कीटकनाशक आणि उंदरांवर चाललेलं औषध

एपिसोड ऐकताना नावं आणि साल निसटतात, म्हणून नेहमीसारखा हा लेखी अवतार. चालता चालता ऐकला असेल तर आता निवांत वाचा. आणि ऐकलाच नसेल तरी हरकत नाही, इथे सगळं आहे.

आजचा विषय जरा अवघड आहे. विज्ञान सोपं आहे हो, पण आपल्याकडे या विषयावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही. पुरुषाचं वंध्यत्व. मूल झालं नाही की आपल्याकडे प्रश्न कुणाला विचारतात, हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टर, देव, उपास-तापास, सगळं आधी सुनेच्या वाट्याला येतं. मुलाची तपासणी शेवटी, तीही झाली तर. हे डोक्यात ठेवा, कारण आजच्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे.

तर चला, कॅलिफोर्नियात जाऊ.

लॅथ्रॉपचा कारखाना

कॅलिफोर्नियाच्या मधोमध सॅन वॉकिन खोरं आहे. द्राक्षं, बदाम, पीच, टोमॅटो. अमेरिकेच्या भाजी-फळांचा मोठा वाटा इथून येतो. या खोऱ्यात स्टॉकटनजवळ लॅथ्रॉप नावाचं छोटं गाव आहे. सत्तरच्या दशकात तिथे ऑक्सिडेंटल केमिकल या कंपनीचा शेती-रसायनांचा कारखाना होता. एका विभागात कीटकनाशकं मिसळून, पॅक करून पाठवायची. त्यातलंच एक होतं डायब्रोमोक्लोरोप्रोपेन. जीभ वळत नाही ना? आपण डीबीसीपी म्हणू.

डीबीसीपी फवारायचं औषध नव्हतं. ते मातीत सोडायचं. झाडांच्या मुळांवर सूत्रकृमी नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे बसतात, मुळांना गाठी येतात आणि झाड आतून खंगत जातं. आपल्याकडे द्राक्ष किंवा डाळिंबाची बाग असलेल्या घरातल्या श्रोत्यांना हे नाव नक्की माहीत असेल. डीबीसीपी मातीत गेलं की त्याची वाफ पसरते आणि सूत्रकृमी मरतात. झाडाला मात्र काही होत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वरदानच. डाऊ कंपनीने ते 'फ्युमाझोन' नावाने विकलं, शेलने 'नेमागॉन' नावाने. पन्नासच्या दशकात ते बाजारात आलं आणि केळी, अननस, द्राक्षं, पीच अशा पिकांत भरपूर वापरलं गेलं.

लॅथ्रॉपच्या त्या विभागातले कामगार बहुतेक तरुण होते. लग्नं झालेली, घर-संसार सुरू झालेला. आपसात बोलताना त्यांच्या लक्षात एक गोष्ट यायला लागली, की बऱ्याच दिवसांत आपल्यापैकी कुणाकडे पाळणा हललेला नाही. एकाच्या घरी नाही, दुसऱ्याच्या घरी नाही, तिसऱ्याच्याही नाही.

जरा विचार करा. हे कळायला इतका वेळ का लागला असेल? कारण एकट्या जोडप्याला मूल होत नसेल तर ते नशीब वाटतं, खासगी दुःख वाटतं. कुणी खोकत नव्हतं, कुणाच्या अंगावर चट्टे नव्हते, कुणी चक्कर येऊन पडत नव्हतं. सगळे धडधाकट. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला 'सायलेंट फेल्युअर' म्हणतो ना, तसं हे होतं. सिस्टिम चालू, स्क्रीनवर सगळं हिरवं, फक्त आउटपुट शून्य. आणि ते शून्य एकट्याच्या घरात दिसत नाही. चार घरं शेजारी शेजारी ठेवली तरच दिसतं.

ती चार घरं कामगारांनी स्वतःच शेजारी ठेवली. त्यांची संघटना मजबूत होती. त्याच काळात जॉश हॅनिग आणि डेव्ह डेव्हिस हे दोघे तिथे कामगारांच्या आरोग्यावर 'साँग ऑफ द कॅनरी' नावाची डॉक्युमेंटरी करत होते. कामगार, संघटना आणि हे फिल्मवाले यांच्या धडपडीतून वीर्य तपासायचं ठरलं. सत्तरच्या दशकात, कारखान्यातल्या पुरुषांनी एकमेकांसमोर हे बोलणं आणि बाटलीत नमुना देणं, ही काही छोटी गोष्ट नव्हती.

लॅबचे रिपोर्ट

पुढची तपासणी डॉ. डोनाल्ड व्होर्टन यांनी केली. ते बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कामगार-आरोग्य कार्यक्रमाचे डॉक्टर. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध डिसेंबर १९७७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. नसबंदी न झालेल्या २५ पुरुषांपैकी १४ जणांत शुक्राणू एकतर अजिबात नव्हते किंवा फार कमी होते. आणि जो जितका जास्त काळ डीबीसीपीजवळ काम करत होता, त्याला तितका जास्त फटका.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये आणखी एक खूण होती. टेस्टोस्टेरॉन सगळ्यांचं नॉर्मल, म्हणजे दाढी, आवाज, ताकद, इच्छा, सगळं जागच्या जागी. पण एफएसएच आणि एलएच हे दोन हार्मोन वाढलेले. हे दोन्ही मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतात. एफएसएचचं एक काम म्हणजे वृषणांना 'शुक्राणू बनवा' असा निरोप देणं. उत्पादन पडलं की पिट्युटरी जोरजोरात निरोप पाठवायला लागते. मॅनेजर मेसेजवर मेसेज पाठवतोय आणि पलीकडून उत्तरच नाही, असं समजा. बिघाड निरोप देणाऱ्यात नव्हता, कारखान्यातच होता.

बातमी फुटल्यावर इतर ठिकाणीही तपासण्या झाल्या. डाऊच्या आर्कान्सामधल्या मॅग्नोलिया इथल्या कारखान्यातही तेच दिसलं. मग सरकार हललं. कॅलिफोर्नियाने १९७७ च्या ऑगस्टमध्ये डीबीसीपीचा वापर थांबवला. सप्टेंबरमध्ये केंद्रीय कामगार-सुरक्षा यंत्रणेने कारखान्याच्या हवेसाठी १० पीपीबीची तातडीची मर्यादा घातली आणि १९७८ मध्ये ती १ पीपीबीवर आणली. पीपीबी म्हणजे हवेच्या शंभर कोटी भागांत एक भाग. १९७९ मध्ये पर्यावरण खात्याने हवाईतल्या अननसाचा अपवाद सोडून देशभर वापर थांबवला.

याच काळात अमेरिकेतल्या पीच बागायतदारांच्या राष्ट्रीय संघटनेने कामगार-सुरक्षा यंत्रणेला एक पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की ज्यांना आता मुलं नकोच आहेत, अशा वयस्क माणसांना हे काम द्या की. काहींना तर हा संततिनियमनाचा सोयीचा मार्गही वाटेल. गंमत म्हणून नाही हं, सरकारी यंत्रणेला पाठवलेलं पत्र होतं ते. कामगाराच्या शरीराकडे काही लोक कसं बघत होते, हे यावरून कळतं.

पण हे आधी माहीत होतं

आता या गोष्टीतला सगळ्यात बोचणारा भाग.

कामगारांनी १९७७ मध्ये जे शोधलं, ते उंदरांत आधीच दिसलं होतं. डाऊचे टॉर्केलसन आणि शेलसाठी काम करणारे, कॅलिफोर्निया विद्यापीठातले हाईन यांच्या गटांनी पन्नासच्या दशकात प्राण्यांवर चाचण्या केल्या. निकाल १९६१ मध्ये एकत्र छापून आला. डीबीसीपीची वाफ हुंगलेल्या उंदरांची वृषणं आकसली होती. वाफेच्या चाचण्यांतलं सगळ्यात कमी प्रमाण होतं ५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत पाच. त्या प्रमाणालाही परिणाम दिसला. म्हणजे 'इतक्याने काही होत नाही' अशी सुरक्षित पातळी त्यांना सापडलीच नव्हती. तरी शिफारस अशी केली, की हवेतलं प्रमाण १ पीपीएमच्या खाली ठेवावं.

१९७८ ची मर्यादा आठवा. १ पीपीबी. हजार पट कमी!

हे काही गुप्त कागदपत्र नव्हतं. लायब्ररीत जाऊन कुणीही वाचू शकेल असा निबंध होता. पण डब्यावरच्या लेबलवर पुरुषांच्या प्रजननक्षमतेबद्दल एक अक्षर नव्हतं. कामगारांची वीर्यतपासणी करून बघावी, असं कुणाला वाटलं नाही. आमच्या धंद्यात चेतावणी लॉगमध्ये पडून असते आणि ती कुणाच्या मोबाइलवर वाजतच नाही, असं बरेचदा होतं. इथे ती १६ वर्षं पडून होती. फरक इतकाच, की इथे सर्व्हर बंद पडला नाही. इथे माणसांच्या घरात मुलं जन्माला आली नाहीत.

केळीच्या बागा

अमेरिकेत दार बंद झालं, पण डबे अजून भरलेले होते. मध्य अमेरिकेत केळीच्या मोठमोठ्या बागा होत्या. तिथे स्टँडर्ड फ्रूट ही कंपनी, म्हणजे पुढची डोल, डीबीसीपी वापरत होती. कामगार हातातल्या इंजेक्टरने केळीच्या बुंध्याशी जमिनीत औषध टोचत जायचे. १९७७ मध्ये डाऊने पुरवठा थांबवायचं ठरवलं, तेव्हा स्टँडर्ड फ्रूटने कराराची आठवण करून दिली. शेवटी 'काही झालं तर जबाबदारी आमची' असं लिहून घेऊन डाऊने माल दिला. हे पुढे कोर्टातल्या कागदपत्रांत आलं.

कोस्टारिकात याचा माग लॉरी अ‍ॅन थ्रप यांनी काढला. १९९१ च्या त्यांच्या निबंधात एकट्या कोस्टारिकात वंध्यत्व आलेल्या केळी-कामगारांचा आकडा साधारण दीड हजार आहे. लॅथ्रॉपला तपासणी झाली तेव्हा २५ माणसं होती. इकडे दीड हजार.

या कामगारांपैकी ८२ जण टेक्ससच्या कोर्टात गेले. शेल आणि डाऊचं म्हणणं होतं, की हा खटला कोस्टारिकात चालवा, इथे गैरसोयीचं आहे. १९९० मध्ये टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने कामगारांच्या बाजूने निकाल दिला, म्हणजे खटला टेक्ससमध्ये चालू शकतो असं सांगितलं. पुढे १९९३ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलला. पूर्ण चित्र सांगायचं तर, नंतर निकाराग्वातून आलेले काही खटले लॉस एंजेलिसच्या कोर्टाने रद्द केले, कारण काही दावेदारांना खोटं बोलायला शिकवल्याचं न्यायाधीशांना आढळलं. त्याने झालेली हानी खोटी ठरत नाही. पण खरा पुरावा वेळेवर गोळा केला नाही, की पुढे खऱ्या-खोट्याची सरमिसळ होते आणि त्याचा फटका खऱ्या माणसाला बसतो.

मग औषध?

आता ज्यासाठी बरेच जण थांबले असतील तो प्रश्न. गेलेले शुक्राणू परत येतात का? औषधाने आणता येतात का?

आधी, काहीच उपचार केला नाही तर काय होतं ते बघू. इस्रायलमध्ये डीबीसीपी बनवणाऱ्या कारखान्यातल्या १५ पुरुषांवर पोटाश्निक आणि पोराथ यांनी १७ वर्षं लक्ष ठेवलं. ९ जणांत शुक्राणू शून्य होते, ६ जणांत कमी. संपर्क तुटल्यावर ३६ ते ४५ महिन्यांत शून्यवाल्या ९ पैकी ३ आणि कमीवाल्या ६ पैकी ३ जणांचे सुधारले. त्यानंतर कुणाचेच नाही. म्हणजे सुधारायचं असेल तर तीन-चार वर्षांत, नाहीतर नाहीच.

आता एक मजेशीर योगायोग. १९७७ चं वैद्यकातलं नोबेल तिघांना मिळालं. रॉजर गिलमँ आणि अँड्र्यू शॅली यांना मेंदूतल्या हार्मोन्सच्या शोधासाठी, आणि रोझलिन यॅलो यांना रक्तातले अत्यंत सूक्ष्म हार्मोन मोजायच्या पद्धतीसाठी. म्हणजे ज्या वर्षी लॅथ्रॉपच्या कामगारांच्या रक्तात एफएसएच वाढलेलं दिसलं, त्याच वर्षी असं मोजणं शक्य करणाऱ्या बाईंना नोबेल मिळालं. आणि शॅली-गिलमँच्या हार्मोन्सपैकी एक, जीएनआरएच, पुढे या गोष्टीत औषध बनून येतो.

जीएनआरएच मेंदूतून थांबून थांबून, ठोक्यांसारखा सुटतो आणि पिट्युटरीला जागं करतो. त्याच्यासारखंच औषध सतत दिलं, तर पिट्युटरी उलट गप्प होते, एफएसएच-एलएच पडतात आणि टेस्टोस्टेरॉन बंद. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये हीच युक्ती वापरतात. १९८१ मध्ये ग्लोड आणि सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. कॅन्सरचं कडक औषध देण्याआधी वृषणं अशी 'झोपवून' ठेवली, तर ती वाचतील का? त्यांच्या उंदरांत वाचली असं दिसलं.

हा धागा ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या मार्विन माइस्ट्रिच यांच्या गटाने वर्षानुवर्षं धरून ठेवला आणि २००३ मध्ये तो थेट डीबीसीपीला लावला. डीबीसीपी दिलेल्या उंदरांची वृषणं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. शुक्राणू नव्हते. पण शुक्राणू ज्यांच्यापासून बनतात त्या मूळ पेशी मेल्या नव्हत्या! त्या तिथेच होत्या, फक्त पुढच्या टप्प्यात जात नव्हत्या. प्रोग्राम क्रॅश झाला नव्हता, अडकला होता.

आणि अडवत कोण होतं? तर नुकसान झालेल्या वृषणातलं टेस्टोस्टेरॉनच. एरवी शुक्राणूंसाठी लागणारा हार्मोन इथे वाटेत उभा होता. जीएनआरएचसारखं औषध देऊन काही आठवडे टेस्टोस्टेरॉन पाडलं, तसा अडथळा सुटला, आणि पेशी पुन्हा पुढे सरकू लागल्या. विषाचा डोस होऊन गेल्यानंतर दिलेल्या औषधानेसुद्धा!

हे वाचून 'मिळालं की औषध' असं वाटणं साहजिक आहे. थांबा.

माणसांत काय झालं ते बघा. लिम्फोमा आणि हॉजकिन्सच्या पुरुष रुग्णांना केमोथेरपीच्या आधी-सोबत अशी औषधं देऊन ऐंशीच्या दशकात प्रयोग झाले. उपयोग दिसला नाही. १९९७ मध्ये इटलीतल्या एका छोट्या अभ्यासात, किडनीच्या आजारासाठी कडक औषध घेणाऱ्या ज्या ५ पुरुषांना सोबत टेस्टोस्टेरॉन दिलं, त्या पाचही जणांचे शुक्राणू परत आले. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं तरी पिट्युटरी गप्प होते, म्हणून ही त्याच कल्पनेची दुसरी वाट. आशादायक, पण पाचच माणसं. मग २००५ मध्ये माकडांवर प्रयोग झाला. किरणोत्सर्गाने इजा झालेल्या वृषणांना या प्रकारच्या औषधाने काही फायदा झाला नाही. माकड उंदरापेक्षा आपल्या जवळचं. म्हणून कॅन्सरच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचना आजही पुरुषांसाठी असं हार्मोन-औषध सुचवत नाहीत. उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवा, असं सांगतात.

तेव्हा कीटकनाशकाने बंद पडलेली प्रजननक्षमता माणसात परत आणणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. मोबाइलवर 'स्पर्म काउंट वाढवा' अशा गोळ्यांच्या जाहिराती येतात ना? अँटिऑक्सिडंट गोळ्यांवरची २०२० ची अमेरिकेतली मोठी चाचणी, तिचं नाव मॉक्सी, तिच्यात शुक्राणूंची संख्या किंवा हालचाल सुधारली नाही. पैसे टाकण्याआधी हे लक्षात ठेवा.

मग उंदरांनी शिकवलं काय?

मला या सगळ्यात एक गोष्ट विचित्र वाटते. उंदरांनी दोनदा काहीतरी सांगितलं. १९६१ मध्ये सांगितलं की हे रसायन वृषणं आकसवतं. २००३ मध्ये सांगितलं की अडकलेल्या पेशी सोडवता येतात. दुसरी बातमी माणसाला लागू होईल का, यावर इतकी वर्षं काटेकोर पुरावे मागितले गेले, आणि ते बरोबरच आहे. औषध द्यायचं तर पुरावा हवाच. पण पहिली बातमी माणसाला लागू होईल का, हे तपासायची तसदी १६ वर्षं कुणी घेतली नाही. उंदरावर विष चाललं तर 'माणसाचं बघू', आणि उंदरावर औषध चाललं की लगेच बातम्या. खरं तर उलटं हवं. धोक्याची बातमी लवकर मानायची, इलाजाची उशिरा.

आणि लॅथ्रॉपच्या माणसांना वाचवलं कशाने? ज्यांच्यात अजून थोडे शुक्राणू होते, ते संपर्क थांबल्यामुळे वाचले. गोळीने नाही, इंजेक्शनने नाही. कुणीतरी लाज सोडून विचारलं, 'तुझ्याकडे पण नाही का रे?' तिथून हे सगळं सुरू झालं.

डीबीसीपी आज भारतातही बंदी असलेल्या कीटकनाशकांच्या यादीत आहे. पण फवारणी थांबलेली नाही. आंध्रातल्या कापूस फवारणाऱ्या पुरुषांच्या कुटुंबांचा एक अभ्यास १९९१ मध्ये आला होता, त्यात गर्भपाताचं प्रमाण जास्त आणि प्रजननक्षमता कमी दिसली. २०१७ ला यवतमाळमध्ये फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली, ते तुम्हाला आठवत असेल. ती विषबाधा लगेच दिसली, म्हणून बातमी झाली. जी दिसत नाही तिची बातमी होत नाही.

म्हणून जाता जाता तीनच गोष्टी. घरात कुणी फवारत असेल तर हातमोजे, मास्क, अंगभर कपडे आणि काम झाल्यावर आंघोळ. 'इतक्याने काय होतंय' हे वाक्य बंद. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यामुळे आजचा रिपोर्ट दोन-अडीच महिन्यांपूर्वीची हकीकत सांगतो. एका रिपोर्टवर घाबरू नका, डॉक्टरांना विचारून पुन्हा करा, आणि कुठल्या औषधाशी काम करता ते त्यांना डब्यावरच्या नावासकट सांगा. आणि तिसरी, मूल होत नसेल तर दोघांचीही तपासणी पहिल्याच दिवशी. वीर्याची तपासणी स्वस्त असते, सुई टोचत नाही, अर्ध्या तासात उरकते. ती टाळून बायकोला वर्षभर दवाखाने फिरवणं म्हणजे लॉग न वाचता दुसऱ्याच्या कोडमध्ये बग शोधणं.

हा एपिसोड आवडला तर गावाकडच्या ज्या मित्राच्या पाठीवर पंप असतो, त्याला आवर्जून पाठवा. लाजत असेल तर लिंक पाठवा आणि गप्प बसा, तो ऐकेल. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे व्हॉइस नोट टाका. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!